वायर टाकू की वाय-फायवरच भागवू?

गेल्या अंकात मी सहज एक ओळ लिहून गेले, की टीव्ही भिंतीवर ठोकलेला असतो, तो काही फिरायला जात नाही, मग त्याला वायरलेस कशाला? त्यावर इतके प्रश्न आले की हा अंक त्यातच गेला. बरेचसे घोडबंदर रोडच्या टॉवरांतले आणि बाकीचे खाडीपलीकडचे, नवी मुंबईच्या रो-हाऊसवाल्यांचे. नावं कोणाचीच छापत नाहीये, कारण दोघातिघींनी प्रश्नाच्या आडून नवऱ्याची तक्रार केलीय.

प्रश्न: आम्ही मागच्या दिवाळीत नवीन टॉवरमध्ये राहायला आलो, टू बीएचके. ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे. हॉलमध्ये सगळं मस्त चालतं, पण बेडरूमच्या टीव्हीवर रात्री सिरीज लावली की दहा मिनिटांत चित्र धूसर होतं आणि मग ते गोल फिरायला लागतं. नेटवाले म्हणतात ५०० चा प्लॅन घ्या, मिस्टर म्हणतात मेश (घरभर वाय-फाय पसरवणारे, आपसात जोडलेले डबे) आणू, इलेक्ट्रिशियन म्हणतो भिंतीत झिरी मारून वायर टाकतो. कोणाचं ऐकू?
(कासारवडवली, ठाणे)

उत्तर: ताई, लगेच कोणाचंच ऐकू नका, आणि इलेक्ट्रिशियनचं तर मुळीच नको.

आधी प्लॅनचं बघू. नेटफ्लिक्स स्वतःच सांगतं की फुल एचडीला ५ आणि ४केला १५ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) पुरे. म्हणजे घरातल्या चौघांनी चार ठिकाणी चार वेगळ्या सिरीज ४के मध्ये लावल्या तरी ६० झाले, तुमच्याकडे ३०० आहेत. ५०० घेतलेत तर हॉलमध्ये आकडा वाढेल, बेडरूममध्ये तेच रडगाणं, कारण अडतंय ते नेट घरात येताना नाही तर हॉलमधून बेडरूमकडे जाताना. खात्री करायची असेल तर रात्री साडेनऊला मोबाईल घेऊन टीव्हीला टेकून उभ्या राहा आणि स्पीड टेस्ट मारा, मग तसाच राउटरजवळ मारा. हॉलमध्ये २८० आणि टीव्हीपाशी १० आले तर नेटवाल्यांचा फोन ठेवून द्या.

आता भिंती. टॉवर नवीन म्हणताय म्हणजे बहुतेक मिवानचा असणार. मिवान म्हणजे ॲल्युमिनियमचे साचे उभे करतात आणि भिंती, स्लॅब सगळं एकदम काँक्रीटमध्ये ओततात, विटा जवळपास नाहीतच, आत सळ्यांची जाळी. कॅलेंडरसाठी खिळा ठोकायला गेला असाल तर अनुभव असेलच, भिंतीला काही होत नाही, खिळा वाकतो. अशा भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचं वाय-फाय, जे वेगवान असतं पण भिंत आली की ढेपाळतं, ते जेमतेम पलीकडे पोचतं, मग टीव्ही गुपचूप राउटरच्या दुसऱ्या बँडवर, २.४ गिगाहर्ट्झवर, जाऊन बसतो. २.४ लांब पोचतं खरं, पण तिथे एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल फक्त तीन, १, ६ आणि ११, आणि राउटर मात्र वरच्या, खालच्या, समोरच्या सगळ्यांचे. माझ्या बहिणीकडे वाघबीळला मोबाईलवर यादी उघडून एकदा मोजले तर २७ निघाले.

आणि रात्रीच का अडकतं? वाय-फाय चालतं सोसायटीच्या एजीएमसारखं, म्हणजे वार्षिक सभेसारखं. एका चॅनलवर एका वेळी एकानेच बोलायचं, दोघं एकदम बोलले की दोघांचंही फुकट, थांबा आणि परत पहिल्यापासून बोला. दुपारी सभेचा हॉल रिकामा असतो, काम पटापट होतं, रात्री साडेनऊला अख्खी विंग एकदम बोलायला उठते. वायरमध्ये ही भानगडच नाही, जायची वाट वेगळी, यायची वेगळी, शेजाऱ्यांचा संबंध शून्य.

म्हणून माझं मत वायरच, पण झिरी मारून नाही. मिवानमध्ये भिंतीच इमारतीचा भार घेतात, त्या कापायच्या नसतात आणि सोसायटीनेही परवानगी देऊ नये. बेडरूममध्ये बिल्डरने टीव्हीचा पॉइंट दिलेला असेल बघा, जाड गोल केबलचं सॉकेट, जे आता बऱ्याच घरांत नुसतं पडून असतं. त्याच्यामागे काँक्रीट ओतायच्या आधीच टाकलेला पाइप असतो आणि तो बहुतेक हॉलकडे नाहीतर दाराजवळच्या डक्टकडे निघतो. त्यातली जुनी काळी केबल हीच तुमची ओढायची दोरी. एका टोकाला तिला नवीन लॅन वायर (राउटरपासून टीव्हीपर्यंत नेट नेणारी) बांधायची, पण गाठ मारून नाही, गाठ पाइपच्या वळणावर अडकते आणि मग ना इकडे ना तिकडे. दोन्ही वायरी पाचसहा इंच शेजारी-शेजारी झोपवून वर इन्सुलेशन टेप निमुळती गुंडाळायची, टोकाला थोडी टाल्कम पावडर, मग एकाने बेडरूममधून ओढायचं आणि दुसऱ्याने हॉलमधून अलगद ढकलायचं. "थांब", "ओढ" असं ओरडत दोघांनी करायचं काम आहे, मिस्टरांना लावा कामाला. सोबत एक नायलॉनची दोरीही आत सोडून ठेवा, पुढच्या वेळी उपयोगी पडते. जुनी केबल हलतच नसेल तर इलेक्ट्रिशियनकडे वायर ओढायची स्प्रिंग असते, त्या कामाला त्याला जरूर बोलवा. फक्त लाइटच्या वायरींच्या पाइपमधून लॅन वायर नेऊ देऊ नका, तो "काही होत नाही मॅडम" म्हणेल, पण २३० व्होल्टच्या वायरीचं कव्हर आत कुठे सोललं तर तो करंट थेट टीव्हीपर्यंत येईल.

वायर कॅट ६ घ्या. घरातल्या अंतराला कॅट ५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत १ गिगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस, आरामात देते, पण वायर एकदाच ओढायची असते म्हणून चांगली घ्या, त्यापुढची ७ आणि ८ घराला लागत नाही. स्टेशनजवळच्या दुकानातून घ्या नाहीतर लॅमिंग्टन रोडला जा, पण घेताना आतली एक बारीक तार ब्लेडने खरवडून बघा, वरून तांबूस आणि आतून चंदेरी निघाली तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे, लगेच परत द्या.

मेशचं म्हणाल तर मेश वाईट नाही, पण मेशचे दोन डबे आपसात बोलणार तेही त्याच काँक्रीटमधून. पाइप बंदच निघाला, वायर जाईच ना, तर मेश घ्या आणि दुसरा डबा बेडरूमच्या कोपऱ्यात न ठेवता पॅसेजमध्ये ठेवा, दार उघडं असताना दोघं एकमेकांना दिसतील असा. घेताना डब्याला मागे लॅन पोर्ट, म्हणजे लॅन वायर खोचायची जागा, आहे ना ते बघा, म्हणजे टीव्ही तिथून वायरने लावता येईल.

प्रश्न: मॅच मोबाईलवर नाहीतर टीव्हीच्या ॲपवर बघतो, बाजूच्या घरात डिश आहे, त्यांच्याकडे "आउट!" ओरडतात तेव्हा आमच्याकडे बॉलर अजून रनअपच घेत असतो. वायर टाकली तर हे जाईल का?
(क्रिकेटवेडे काका, वर्तकनगर, ठाणे)

उत्तर: नाही जाणार काका. ॲपवर चित्र काही-काही सेकंदांच्या तुकड्यांत येतं, कंपनीकडे ते तुकडे बनायला वेळ जातो आणि तुमचं ॲप असे दोन-चार तुकडे आधी गोळा करून मगच दाखवायला घेतं, म्हणजे मध्येच अडकू नये. सगळा उशीर तिथे. वायरने मॅच अडकायची थांबेल, पुढे नाही जाणार. बाजूवाल्यांशी जमत असेल तर विकेटच्या वेळी त्यांच्याकडेच जाऊन बसा.

प्रश्न: घरून काम करतो. वाय-फायवर लॅपटॉपला २०० च्या वर येतात म्हणून खात्रीसाठी वायर टाकून घेतली, तर वायरवर ९४! प्लॅन ३०० चा आहे. मग वायर भारी कसली?
(ऐरोली, नवी मुंबई)

उत्तर: ९४ हा आकडा बघून मला हसू आलं, कारण त्यानेच तुमचं उत्तर दिलंय. वायरवर ९४-९५ आले म्हणजे लिंक १०० वर बसलीय, गिगाबिटवर बसली असती तर अख्खे ३०० दिसले असते. लॅन वायरमध्ये आठ तारा असतात, चार जोड्या. १०० ला दोनच जोड्या लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिनांवरच्या, आणि गिगाबिटला आठच्या आठ. उरलेल्या चारांतली एक जरी तार नीट बसली नाही तरी दोन्हीकडचे पोर्ट वाद न घालता १०० वर समझोता करून मोकळे होतात, नेट चालतं, कोणाला काही कळत नाही.

त्यामुळे दोन्ही टोकांची प्लग डोळ्यांजवळ धरून बघा. प्लग पारदर्शक असतो, आठही रंगीत तारा पुढच्या टोकापर्यंत पोचलेल्या दिसल्या पाहिजेत, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी, याच क्रमाने आणि दोन्हीकडे सारख्या. बरेचदा घाईत चारच तारा क्रिंप करतात, म्हणजे प्लगमध्ये दाबून बसवतात, आणि बाकीच्या चार मागे दुमडून कापून टाकतात, माझ्या नेरुळच्या घरी एकाने हेच केलं होतं, वर म्हणाला जास्तीच्या तारा होत्या ताई. नवीन प्लग दहा मिनिटांचं काम आहे, फक्त तारांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त उलगडू देऊ नका. प्लग ठीक असतील तर मग पोर्ट बघा, नेटवाल्याने दिलेल्या डब्यावर कधीकधी एकच पोर्ट गिगाबिट असतो आणि लॅपटॉपचा जुना ॲडॉप्टरही १०० चा असू शकतो.

आणि हो, बऱ्याच स्मार्ट टीव्हींचा लॅन पोर्टसुद्धा १०० चाच असतो, महागड्यांचासुद्धा. टीव्हीवर ९४ दिसले तर रुसू नका, ४केला १५ लागतात.

प्रश्न: आमचं रो-हाऊस आहे, तळमजला आणि वर दोन. राउटर खाली, मुलांच्या खोल्या वर. जिन्यात रिपीटर लावलाय, पाच काड्या फुल दिसतात, तरी व्हिडिओ अडकतो. पॉवरलाइन म्हणून काहीतरी असतं, सॉकेटमध्येच खोचायचं, ते घेऊ का? की गच्चीवरून वायर सोडू?
(कोपरखैरणे, नवी मुंबई)

उत्तर: काड्या फुल आहेत त्या रिपीटरच्या. तुमचा फोन रिपीटरला नीट ऐकतोय एवढंच त्या सांगतात, रिपीटर खालच्या राउटरला किती नीट ऐकतोय ते सांगत नाहीत. शिवाय साधा रिपीटर एकाच बँडवर आधी ऐकतो आणि मग तेच परत बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्म्यावर येतो.

पॉवरलाइन मी स्वतः घेऊन बघितलंय. घरातल्या लाइटच्या वायरींतूनच डेटा नेतं, कल्पना छान आहे, पण दोन सॉकेट वेगळ्या फेजवर असली तर रखडतं, स्पाइक गार्डच्या पट्टीत खोचलं तर नीट चालत नाही, आणि माझ्याकडे मिक्सर सुरू झाला की वेग पडायचा, म्हणजे चटणी वाटायची वेळ आणि मीटिंगची वेळ सांभाळायला लागायची. तीन मजल्यांच्या घरात बहुतेक थ्री फेज असणार, तुम्ही त्या वाटेला जाऊ नका.

तुमच्याकडे मिवान नाही, जिना आहे, म्हणजे निम्मं काम झालेलंच आहे. जिन्याच्या कडेने केसिंग पट्टीतून एक वायर वर न्या आणि वर एक राउटर लावा, नवीन घ्यायचीही गरज नाही, जुना कनेक्शन बदलताना राहिलेला एखादा माळ्यावर असतोच, फक्त ५ गिगाहर्ट्झवाला असू दे. त्याची सेटिंग उघडून डीएचसीपी बंद करायचं, म्हणजे घरात पत्ते वाटणारा एकच राहील, खालचा. वरच्याला स्वतःचा वेगळा आयपी पत्ता द्यायचा, समजा खालचा १९२.१६८.१.१ असेल तर वरच्याला १९२.१६८.१.२. मग खालून आलेली वायर त्याच्या वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं नेट घ्यायच्या वेगळ्या पोर्टात, न खोचता साध्या लॅन पोर्टात खोचायची, इथेच दहातले आठ जण चुकतात. नाव आणि पासवर्ड खालीवर तेच ठेवा, चॅनल वेगळा, खाली १ असेल तर वर ११. फोन घेऊन जिना चढलं की आपोआप वरच्याला जोडला जाईल, एखादा फोन हट्टी निघतो, खालच्यालाच धरून बसतो, त्याचं वाय-फाय बंद-चालू करायचं. मुलांचा कॉम्प्युटर आणि टीव्ही मात्र वरच्या राउटरच्या उरलेल्या पोर्टांना वायरनेच लावा.

गच्चीवरून नको. बाहेरून जाणारी तांब्याची वायर म्हणजे पावसाळ्यात विजेला दिलेलं आमंत्रण, जवळपास कडाडली तरी लॅन पोर्ट जळतो, आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये एका जूनमध्ये एकाच रात्री चार घरांचे पोर्ट गेले होते. अगदीच बाहेरून न्यायची झाली तर भिंतीलगत, कमीत कमी अंतराने, उन्हात टिकणारी काळ्या कव्हरची आउटडोअर वायर घ्या, आणि आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या म्हणजे पाणी तिथून टपकेल, वायरच्या अंगावरून घरात येणार नाही.

प्रश्न: नौपाड्यात जुन्या बिल्डिंगमध्ये वन रूम किचन आहे. मुलगा म्हणतो आपणपण वायर टाकूया. खरंच गरज आहे का?
(नौपाडा, ठाणे)

उत्तर: नाही. राउटर आणि टीव्ही एकाच खोलीत आहेत, वायर टाकणं म्हणजे शेजारच्या घरी जायला रिक्षा करण्यासारखं. राउटरमध्ये २.४ आणि ५ ची नावं वेगळी करा आणि टीव्हीला ५ वालं द्या, बस. स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्हही २.४ च्याच आसपास चालतो, दूध गरम करताना टीव्ही अडकत असेल तर तेही यानेच सुटेल.

प्रश्न: जुन्या कॉम्प्युटरवर जेलीफिन टाकून घरचा मीडिया सर्व्हर केलाय, आजीच्या वाढदिवसाचे, गणपतीचे सगळे व्हिडिओ त्यात. नेटफ्लिक्स ४के झक्कास चालतं, पण आमचेच ४के व्हिडिओ टीव्हीवर अडकत-अडकत दिसतात. सगळं वायरवर आहे!
(इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, खारघर, नवी मुंबई)

उत्तर: मित्रा, तू या पानावरचा सगळ्यात आवडता प्रश्न विचारलास. नेटफ्लिक्स व्हिडिओ पिळून-पिळून १५ मध्ये बसवतं, फोन तेवढे कष्ट घेत नाही. आयफोनवर ४के ६० फ्रेमचा एक मिनिट साधारण ४०० मेगाबाइट होतो. बाइटचे बिट करायला ८ ने गुण, ६० सेकंदांनी भाग, आले ५३ एमबीपीएस, आणि ही सरासरी, नाचगाणं सुरू झालं की त्याच्याही वर. ड्रोन आणि कॅमेऱ्याच्या फाइली तर शंभरच्या पुढेही जातात, आणि टीव्हीचा लॅन पोर्ट १०० चा असेल तर वर ऐरोलीच्या वाचकांना सांगितलं तसं ९४ ला छत लागतं. तुझ्यासारख्या केसमध्ये, आणि फक्त अशाच केसमध्ये, जवळ असलेल्या राउटरचं ५ गिगाहर्ट्झ टीव्हीच्या वायरपेक्षा बरं चालू शकतं. सर्व्हर मात्र वायरवरच ठेव, नाहीतर एकच फाइल हवेतून दोनदा जाते, सर्व्हरकडून राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे.

पण नेटवर्कला शिव्या घालण्याआधी एक कर. तोच व्हिडिओ पेनड्राइव्हवर घेऊन टीव्हीला लाव. तिथेही अडकला तर टीव्हीलाच तो फॉरमॅट झेपत नाही. तिथे सुरळीत चालला तर जेलीफिनच्या डॅशबोर्डवर व्हिडिओ चालू असताना बघ, ट्रान्सकोड लिहिलेलं आलं तर तुझा जुना कॉम्प्युटर तो व्हिडिओ चालता-चालता बदलून देतोय आणि त्याचाच दम निघतोय. डायरेक्ट प्ले लिहिलेलं असेल आणि तरी अडकत असेल तरच दोष नेटवर्कचा.

प्रश्न: टीव्हीत लॅन पोर्ट नाही, नेटवरून सिरीज दाखवणारी स्टिक लावलीय. आणि फायबरवाल्याने त्याचा डबा दाराजवळच्या चपलांच्या कपाटात बसवून दिला, आईला तो बाहेर नकोय आणि वायर दिसलेलीपण नकोय. काय करू?
(मानपाडा, ठाणे)

उत्तर: स्टिकला लॅनचा वेगळा ॲडॉप्टर मिळतो, चार्जर आणि स्टिकच्या मध्ये बसतो, तोही बहुतेक १०० चाच, पुरतो. स्टिक टीव्हीच्या मागे दडलेली असते आणि टीव्हीचा पत्रा तिचं वाय-फाय अडवतो, म्हणून ॲडॉप्टर नसेल घ्यायचा तर निदान सोबत येणारी ती छोटी एचडीएमआयची शेपटी लावून स्टिक बाहेर काढ.

डब्याचं म्हणशील तर चपलांच्या कपाटातून तो बाहेर यायलाच हवा, बंद कपाटात तो तापतो आणि पायपुसण्याशेजारी वाय-फाय सगळ्यात छान येतं, ते कोणाला हवंय? फायबरवाल्याला बोलावून लांब पॅचकॉर्ड (दोन्ही टोकांना प्लग असलेली फायबरची वायर) मागून घे आणि डबा टीव्हीच्या युनिटवर आणून ठेव, मग टीव्हीसाठी लॅन वायर हातभरच लागते. फायबर कोपऱ्यात काटकोनात दाबू नका, आत काच आहे, तुटली की डब्यावर लाल लाइट लुकलुकतो आणि मग दोन दिवस त्याच मुलाची वाट बघत बसायचं. दाराच्या चौकटीवरून स्कर्टिंगच्या कडेने पातळ केसिंग पट्टी घे, सर्वात छोट्या साइजची, आणि तिला भिंतीचाच रंग मार, पेंटरने ठेवलेला अर्धा डबा कुठेतरी माळ्यावर असेलच.